ओळंब्याला न पटलेली भिंत

संपादकबाईंनी फोनवर विषयही सुचवला होता: ‘बांधकामावर बाई म्हणून आलेले अनुभव’. मी म्हटलं, ते दोन ओळींत संपतात. साइटवर बायकांसाठी आडोसा नसायचा, आणि मुकादम माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मागे उभ्या असलेल्या जीपच्या ड्रायव्हरला द्यायचा. झालं. यावर पानं भरायची असतील तर दुसरं कुणी बघा. मला लिहायला सांगत असाल तर मी एका भिंतीबद्दल लिहीन. त्या म्हणाल्या, "अहो, दिवाळी अंकात भिंत?" म्हटलं, ती दिवाळीच्या तोंडावरच बिघडली होती, तेव्हा हरकत नसावी.

मी बडोद्याचीच. लहानपण दांडिया बाजारात भाड्याच्या घरात गेलं, मग वडिलांनी कारेलीबागेत सोसायटीत प्लॉट घेऊन छोटंसं घर बांधलं. इथल्याच कॉलेजात सिव्हिल शिकले आणि इथेच एका खासगी कंपनीत चिकटले. आमच्या घरी मराठी, जिना उतरलं की गुजराती आणि साइटवर दोन्हींची खिचडी. त्यामुळे या लिखाणात मध्येच एखादं ‘चालशे’ आलं तर शुद्धलेखनवाल्यांनी डोळेझाक करावी.

नव्वद साल उलटलं आणि आमच्या शहराला पुलांचे डोहाळे लागले. गाड्या वाढल्या, रेल्वे फाटकाशी स्कूटरच्या रांगा लागायला लागल्या, आणि जिथे फाटक तिथे पूल हवा असं ठरलं. पूल म्हटलं की सगळे खांबांकडे बघतात. पण खांब असतात मधल्या थोड्याशा भागाला. पुलावर चढायला दोन्ही बाजूंनी जो लांबलचक चढ लागतो तो मातीचा भराव असतो, आणि तो भराव दोन्हीकडून उभ्या भिंतींत धरावा लागतो. त्या भिंती बांधणं हे माझं काम. निवृत्त होईपर्यंत मी जवळजवळ तेवढंच केलं. पुलाच्या उद्घाटनाचे फोटो निघतात त्यात भिंत कधी दिसत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण ती असू दे.

आमच्याकडे तेव्हा नवी पद्धत आली होती. काँक्रीटचे ठोकळे एकावर एक रचायचे, मध्ये सिमेंटचा कणही नाही. त्यांच्या मागे माती भरायची, पण थराथरानं. एक थर माती, त्यावर रोलर, मग त्यावर प्लास्टिकची मजबूत जाळी अंथरायची. जाळीचं एक टोक ठोकळ्यांत अडकवायचं आणि बाकीची आत मातीत दूरवर पसरायची. पुन्हा माती, पुन्हा रोलर, पुन्हा जाळी. असं करत करत दोन मजल्यांएवढी भिंत उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं भिंतीनं माती अडवली. खरं म्हणजे जाळीनं बांधलेली माती स्वतःच स्वतःला धरून उभी असते, ठोकळे हा नुसता चेहरा. कुणाला पटलं नाही तर मी त्याला स्वयंपाकघरात नेऊन दाखवायची. रव्याचा ढीग घाला, पसरतो. तोच रवा कागदांच्या थरांमध्ये चेपून, कागदाच्या कडा दुमडून रचा, ताठ उभा राहतो आणि वर वरवंटा ठेवला तरी ढळत नाही. आईचा किती रवा मी या विद्येपायी सांडला ते तिलाच ठाऊक.

ज्या पुलाची ही गोष्ट आहे तो शहराच्या उत्तर टोकाला, निजामपुऱ्याच्या पलीकडे. कामासमोर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती. लारीवाले काका रोज सकाळी मला विचारत, "बेन, सिमेंट क्यां गयुं?" सांधे कोरडे दिसत, म्हणजे कंत्राटदारानं सिमेंट खाल्लं असणार, हे त्यांचं पक्कं मत. मी समजावून सांगे, ते मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. शेवटी मी सांगू लागले, "काका, तुमच्या चहात गेलं." त्यावर ते खूश असत.

आता या भिंतीची एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ठोकळा अगदी सरळ बसवून चालत नाही. तो किंचित मागे, मातीकडे झुकता बसवायचा. मागे माती भरून रोलर फिरला की दाबलेली माती ठोकळ्याला पुढे ढकलते. वर आणखी थर चढले की आणखी थोडं. म्हणजे रचताना भिंत मागे झुकलेली दिसते आणि पूर्ण होता होता सरळ होते. रचतानाच सरळ ठेवलीत, तर पूर्ण होईपर्यंत ती पुढे ढळलेली असते. कापड धुतल्यावर आटणार हे धरून शिंपी सदरा थोडा मोठा बेततो, तसंच हे.

आणि हे मी सदाशिव मिस्त्रींना सांगायला गेले.

सदाशिव मिस्त्री म्हणजे जुन्या शहरातले नावाजलेले गवंडी. त्यांचे पूर्वज राजवाड्याच्या कामाला म्हणून साताऱ्याकडून आले आणि बडोद्याचेच होऊन गेले. आमचं कारेलीबागेतलं घर त्यांनी बांधलं. त्या घराचे कोपरे आजही गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत, कपाट भिंतीला लावलं तर मागे पोस्टकार्ड जात नाही. तेव्हापासून ते मला ताई म्हणत आणि अगं-तुगं करत. पुढे मी इंजिनिअर झाले याचा त्यांना माझ्या वडिलांइतकाच आनंद झाला होता. "आमच्या घराण्यात पहिली इंजिनिअर," असं ते लोकांना सांगत. वडील म्हणत, "अहो, माझ्या घराण्यात." मिस्त्री म्हणत, "तेच ते."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक ओळंबा असे, आजोबांपासून चालत आलेला. ज्यांनी ओळंबा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोऱ्याला बांधलेला पितळेचा गोळा, आणि त्याच दोऱ्यावर लाकडाचा एक गुटका, गोळ्याच्याच जाडीचा. गुटका भिंतीच्या माथ्याला टेकवून धरायचा आणि गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला लागेल न लागेल असा थांबला तर भिंत सरळ. भिंतीला टेकून बसला तर भिंत मागे झुकली, दूर लोंबकळला तर पुढे. यात पुस्तक नाही, आकडा नाही, वाद नाही. मिस्त्रींनी उभा जन्म याच एका न्यायाधीशासमोर काढला होता.

फ्लॅटच्या स्कीमवाल्यांना झटपट काम करणारे गवंडी हवे असत, त्यामुळे मिस्त्रींच्या हाताला त्या सुमारास काम कमी झालं होतं. ठोकळ्यांची भिंत रचणारे तेव्हा आमच्याकडे कुणीच नव्हते. मी कंपनीत सांगितलं, रेषेत काम हवं असेल तर या माणसाला घ्या. घेतलं. पहिल्या दिवशी ते साइटवर आले आणि मला म्हणाले, "बोला, कुठून सुरू करायचं?" मी म्हटलं, "काका, हे बोला काय? मी तीच आहे." तर म्हणाले, "साइटवर साहेब तो साहेब. घरी ये, मग बघतो तुझ्याकडे."

रव्याचा प्रयोग त्यांनी शांतपणे पाहिला होता. वरवंटा उचलून खाली ठेवला आणि म्हणाले, "रवा आहे म्हणून उभा राहिला, ताई. माती काय रव्यासारखी शहाणी असते?" जाळीचं मात्र त्यांना लवकर पटलं. चिखलात भुसा घालतात तसंच हे, म्हणाले. पटलं नाही ते झुकणं. मी सांगितलं तेव्हा आधी ते हसले, त्यांना थट्टा वाटली. मग म्हणाले, "भिंत वाकडीच लावायची तर मला कशाला बोलावलंत? कुणीही लावेल." मी लाकडाची एक बारीक पाचर करून दिली. ती पाणसळीखाली धरायची, म्हणजे हवा तेवढाच झोक देऊनही बुडबुडा मधोमध दिसे. ते पाचर लावत, पण लावताना दुसरीकडे बघत. एखाद्याला बायकोनं नको ते औषध घ्यायला लावावं तसे.

काही दिवसांनी तळाचे थर सरळ झाले. मी त्यांचाच ओळंबा मागून घेतला आणि दाखवलं. त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, "हं" म्हणाले आणि कामाला लागले. मला वाटलं, जिंकले. माणसाच्या ‘हं’वर एवढा विश्वास ठेवू नये हे मला पुढे कळलं.

मग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा सगळेच करतात, पण मिस्त्रींच्या घराण्यात एक जास्तीची रीत होती. जी भिंत चालू असेल तिथेच पूजा मांडायची आणि बरोबरीच्या जुन्या गवंड्यांना बोलवायचं. पूजा झाली की ओळंब्याला हळदकुंकू लावून तो त्या भिंतीच्या माथ्यावरून सोडायचा. गोळा लागेल न लागेल असा थांबला की सगळ्यांनी हात जोडायचे. वर्षाचं काम देवाला दाखवलं, असा त्याचा अर्थ.

मला रीत कळली तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, ओळंबा खालच्या थरांवर धरा. तिथे भिंत बसली आहे. वरची अजून बसायची आहे."

"माथ्यावरून सोडायचा असतो, ताई. मधून कधी सोडतात का?"

फळीवर थापी, गुण्या, पाणसळ, दोरी, सगळं मांडलं होतं. झेंडूची फुलं होती. शहरातून चारपाच म्हातारे गवंडी धुतलेले कपडे घालून आले होते. मिस्त्रींनी शिडीवर चढून गुटका माथ्याला टेकवला आणि गोळा सोडला. तो खाली आला आणि भिंतीला टेकून बसला. वरचे थर मागे झुकलेले होते, दुसरं काय होणार होतं?

कुणीच हात जोडले नाहीत. गणपतकाका म्हणून त्यांचे जुने सोबती होते, दोघं एकाच गुरूकडे शिकलेले. ते म्हणाले, "काय रे सदा, भिंत दमली का? मागं रेलून बसलीय." सगळे हसले, मिस्त्रीही हसले. मी पुढे होऊन समजावलं, माती, रोलर, पुढे येणं, सगळं सांगितलं. शिंप्याचा दाखलाही दिला. गणपतकाकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेन, तुमचं पुस्तक बरोबर असेल. पण सदा, आज देवानं पाहिलं ते काय?"

मिस्त्री ओळंबा गुंडाळत होते. दोरा चुकला, त्यांनी तो सोडवला, पुन्हा गुंडाळला. मग सगळ्यांना पेढे वाटले. मलाही दिला.

दसरा झाला आणि कंपनीनं मला भरूचकडच्या एका कामावर पाठवलं. माझ्या जागी नवा सुपरवायझर आला. तो चांगला होता, पण त्याचं सगळं लक्ष माती किती दाबली गेली यावर, आणि तेही काही चूक नव्हतं. मी परतले ती धनत्रयोदशीच्या आसपास. सकाळी साइटवर गेले, भिंतीच्या टोकाला उभी राहिले आणि एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर टाकली. माझ्या देखत जिथपर्यंत रचली होती तिथपर्यंत भिंत रेषेत होती. तिथून वर ती रस्त्याकडे ढळली होती. भरल्या पोटाचा माणूस उभा राहतो तशी दिसत होती. मी तिथेच ठोकळ्यांच्या थप्पीवर बसले.

मिस्त्री आले. मी विचारलं, "काका, पाचर कुठे आहे?"

"पेटीत आहे."

"लावली होती?"

हा माणूस खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "नाही लावली. दसऱ्यानंतर नाही लावली."

मी ओळंबा मागितला. शिडी लावून माथ्याला गुटका टेकवला. गोळा भिंतीपासून दूर, हवेत लोंबकळत राहिला. ते त्याच्याकडे बघत म्हणाले, "मी सरळ लावली होती, ताई. रोज संध्याकाळी ओळंबा सोडून, बघून, मगच घरी गेलो. सकाळी रोलर फिरला. रोलरनं ढकललं त्याला मी काय करू?"

"म्हणून तर आधीच मागे झुकवायची होती ना, काका."

"रोलर उद्या चुकणार, म्हणून गवंड्यानं आज चुकून ठेवायचं? हा कुठला न्याय?"

मी चिडले. मला चिडायला फार वेळ लागत नाही. म्हटलं, "रोलर चुकत नाही, मातीचा धर्म आहे तो." ते म्हणाले, "मग ओळंब्याचा पण धर्म आहे." ओळंबा तसाच लोंबकळत होता, तो त्यांनी काढून खिशात ठेवला.

दुपारी आमचे साहेब आले. त्यांनी भिंत पाहिली आणि म्हणाले, "चाली जशे, बेन. कोण जोवानुं छे?" चालून जाईल, कोण बघणार आहे. खरंच चाललंही असतं कदाचित. ढळलेली भिंत पडतेच असं नाही. पण ठोकळ्यांच्या कडा एकमेकांवर दाबल्या गेल्या होत्या, काही सांधे उघडले होते, पावसाळ्यात त्यांतून माती वाहिली असती, आणि वरून ट्रक जाणार होते. भिंतीखाली लारी होती, सायकलवाले होते, शाळेची पोरं होती. ही भिंत पडणार नाही असं मी सहीनिशी सांगू शकत नव्हते. आणि मला हेही माहीत होतं की भिंत उतरली की सदाशिव मिस्त्रींचं नाव उतरणार. त्यांच्याकडे दुसरं होतं काय? नावच होतं. दोन्ही माहीत असून मी सांगितलं, ढळलेला भाग उतरवा.

संध्याकाळी मिस्त्री माझ्याकडे आले. मला वाटलं भांडायला आले. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. मी लावली, मीच उतरवतो."

अशी भिंत उतरवणं म्हणजे ती उलट्या क्रमानं जगणं. वरची माती काढायची, जाळी सोडवायची, ठोकळा काढायचा, पुन्हा खालची माती. एकदा दाबलेली माती सहज सुटत नाही, जाळी फाटते आणि फेकून द्यावी लागते. दिवाळीचे दिवस, रस्त्यावर खरेदीची गर्दी, आणि येणारा जाणारा थांबून बघत होता की चांगली उभी राहिलेली भिंत का पाडताहेत. गणपतकाका आणि आणखी दोघं लारीपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी चहा घेतला, चारसहा ठोकळे उतरताना पाहिले आणि गेले. लारीवाल्या काकांनी त्या दिवशी सिमेंटचं विचारलं नाही.

मिस्त्री प्रत्येक ठोकळा उतरवत, फडक्यानं माती पुसत आणि बाजूला थप्पी लावत. त्या थप्पीला ओळंबा लावला असता तर बरोबर लागला असता. मी दोनचारदा जवळ गेले. एकदा म्हणाले, "ऊन लागेल, सावलीत उभ्या राहा." एवढंच.

काम संपलं तेव्हा मी म्हटलं, "काका, आता नव्यानं सुरू करू. मी रोज इथे उभी राहते."

ते म्हणाले, "हात धजत नाही, ताई. जन्मभर वाकडं दिसलं की सरळ केलं. आता सरळ दिसलं की वाकडं करा म्हणता. तुमचं खरंही असेल. पण माझ्या हाताला कोण समजावणार?" त्यांनी पिशवी खांद्याला लावली, साइटवरच्या सगळ्यांना ‘आवजो’ म्हटलं आणि बसस्टॉपकडे निघाले.

पुढचं काम दाहोदकडच्या माणसांनी केलं, नवराबायकोच्या जोड्या होत्या. त्यांना ओळंबा कुणी शिकवलेला नव्हता, त्यामुळे पाचर एका दिवसात कळली. याचं मला कौतुक वाटलं आणि वाईटही वाटलं. भिंत पुरी झाली, सरळ झाली, पूल सुरू झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी बरोबर होते. पण बरोबर असल्याचा आनंद असा काही झालाच नाही, आजतागायत.

शहरात बातमी पसरायला पेपर लागत नाही. ‘सदाची भिंत उतरवली’ एवढं एक वाक्य दांडिया बाजारातून फिरलं, आणि त्यात माती नव्हती, रोलर नव्हता, माझी पाचर नव्हती. लोकांनी त्यांना कामं देणं थांबवलं की त्यांनीच घेणं थांबवलं, हे मला नीटसं कळलं नाही. दोन्ही असेल. मी पुढच्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. शांताकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दार उघडलं. डबा घेतला, रिकामा डबा देऊ नये म्हणून त्यात चार करंज्या घातल्या. म्हणाल्या, "झोपलेत गं." आतून खोकल्याचा आवाज आला. आम्ही दोघींनीही तो ऐकला नाही असं दाखवलं.

मग कच्छातला मोठा भूकंप झाला. सव्वीस जानेवारीची सकाळ होती, बडोदंही चांगलंच हललं. लोक घरातून बाहेर पळाले, मी स्कूटर काढून पुलाकडे पळाले. दोन्ही बाजूंच्या भिंती टोकापासून टोकापर्यंत हात लावून पाहिल्या. एक ठोकळा सरकला नव्हता. मी घरी आले तर शेजाऱ्यांकडे माझ्यासाठी फोन येऊन गेला होता, थोड्या वेळानं पुन्हा आला. शांताकाकू होत्या. म्हणाल्या, "हे विचारताहेत, ताईची भिंत उभी आहे ना?"

मी डोळे पुसले. शेजारीणबाईंना वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, "उभी आहे म्हणावं."

काकू आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "एकदा दाखवून आण गं त्यांना. मनातून जात नाही त्यांच्या. मोतीबिंदूनं डोळे गेलेत, ऑपरेशनला नको म्हणतात. पण हातानं बघतील. मलाही वाटतं, एकदा बघितलं की सुटतील त्यातून."

त्या रविवारी मी रिक्षा घेऊन त्यांच्या दाराशी गेले. ते तयार होते, सदरा घातलेला, खिसा जड. रिक्षात ते माझ्या वडिलांच्या गुडघ्याबद्दल बोलले, भूकंपात कोणाकोणाची घरं तडकली ते बोलले. त्यांनी बांधलेलं एकही तडकलं नव्हतं, तेही सांगितलं. भिंतीबद्दल काही बोलले नाहीत. मीही मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. त्यांना एकदा सरळ भिंत हाताला लागली की मी सांगणार होते, बघा काका, झुकवून लावली म्हणून ही अशी झाली, तुमचा ओळंबा आणि माझी पाचर दोन्ही खरे. इतक्या वर्षांत त्यांनी माझं काही ऐकून घेतलं नव्हतं, पण ओळंब्याचं ऐकतील असं मला वाटत होतं.

लारीवाल्या काकांनी ओळखलं. बाकडं पुसलं आणि शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडून शिडी आणून दिली. जिथे मिस्त्रींनी रचलेला भाग उतरवला होता तिथेच मी शिडी लावली. त्यांनी खिशातून ओळंबा काढून माझ्या हातात गुटका दिला. मी वर चढले, गुटका ठोकळ्याला टेकवून धरला. ते खाली उकिडवे बसले.

"नीट टेकवलाय?"

"हो, काका."

"हलवू नकोस हं."

गोळा फिरत होता. तो थांबेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं गोळा आणि भिंत यांच्या मधली फट चाचपली. भिंतीवरून तळहात वर नेला, जिथवर पोचेल तिथवर, आणि पुन्हा खाली आणला. पुन्हा नख लावलं. वरून ट्रक गेला, भिंतीला काही कळलंही नाही. मला खरंच फार आनंद झाला होता, हे लिहायला हवं.

"सरळ आहे," ते म्हणाले.

"आहे ना, काका?"

"अगदी सरळ आहे. मी लावली होती तशीच." त्यांनी मान वर केली. डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या थोडे बाजूला होते. "मग माझी का पाडलीस गं, ताई?"

सगळी वाक्यं जुळवलेली होती. मातीचं, रोलरचं, शिंप्याचं. मी शिडीवरून एक पायरी खाली आले. हातातला गुटका हलला असावा, कारण खाली गोळा झुलायला लागला, आणि त्यांनी सवयीनं हात पुढे करून तो थांबवला.